प्राचार्य पाहिजेत : एका जाहिरातीचं वाचन

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की समीक्षेच्या व्याख्यानमालेत नोकरीच्या जाहिरातीचं काय काम? आमचं म्हणणं असं, की जाहिरात हा खूप वाचला जाणारा आणि फार कमी तपासला जाणारा मजकूर आहे. कादंबरीची आपण चिरफाड करतो, नाटकाच्या तिसऱ्या अंकात काय चुकलं यावर रात्र काढतो. आणि ज्या मजकुरावरून दीड-दोन हजार मुलांच्या शाळेचा कारभारी निवडला जाणार, तो मात्र 'हो, छान लिहिलंय' म्हणून सोडून देतो.

तर मजकूर कोणता? अमेरिकेतल्या सार्वजनिक हायस्कूलसाठी प्रिन्सिपल शोधताना निघणारी जाहिरात. कुठल्या एका शाळेची नव्हे, हा प्रकारच घ्या. आपल्यापैकी जे न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहतात, त्यांनी तो पाहिला असेल. जुने प्रिन्सिपल जातात. पालकांना एक प्रश्नावली येते : नव्या नेतृत्वात कोणते गुण असावेत? आपण खुणा करतो. त्या खुणांची बेरीज होऊन जाहिरात तयार होते. आमच्या वैविध्यपूर्ण शाळेला हवं आहे सर्वसमावेशक, नवोन्मेषी, दूरदृष्टीचं, सहकार्यशील, विद्यार्थिकेंद्री, पारदर्शक नेतृत्व. विशेषणं संपतात तिथे जाहिरातही संपते. मग पगार आणि अर्जाची शेवटची तारीख.

आता हा साहित्यप्रकार मराठी माणसाला अनोळखी आहे का? मुळीच नाही. रविवारच्या पुरवणीत आपण तो पिढ्यान्‌पिढ्या वाचलेला आहे. 'वधू पाहिजे.' गोरी, उंच, उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी, शिवाय एकत्र कुटुंबात रमणारी. मुलीनं काय काय असावं याची यादी पायलीभर, पण ज्या घरात ती येणार त्या घराबद्दल 'सुसंस्कृत' या एका शब्दापलीकडे काही नाही. सासूबाई कशा आहेत, पहिली सून का गेली, स्वयंपाकघरात कोणाचं चालतं, यातलं काही छापलं जात नाही. प्रिन्सिपलच्या जाहिरातीची घडण नेमकी हीच आहे. शाळा स्वतःविषयी 'वैविध्यपूर्ण' एवढंच सांगते. तेही कौतुकानं सांगते, जणू तो एखादा पुरस्कार आहे. प्रत्यक्षात त्या शब्दाच्या पोटात काय असतं? एकाच इमारतीत वरच्या गणिताच्या वर्गात एका रंगाची मुलं आणि खालच्या वर्गात दुसऱ्या रंगाची, हे असू शकतं. शिक्षेच्या खोलीत रोज तीच दहा मुलं, हेही असू शकतं. घराच्या या गोष्टी आहेत, आणि घराबद्दल जाहिरात बोलतच नाही.

आमचा आक्षेप विशेषणांना नाही. सर्वसमावेशक माणूस कोणाला नको असतो? आक्षेप असा, की समावेश हा माणसाचा स्वभाव आहे असं धरून ही भाषा चालते. आमच्या मते तो शाळेच्या रचनेचा भाग आहे : निर्णय कोण घेतं, वेळ कोणाला मिळतो आणि दाखला कोणाच्या हातात पडतो. ही समजूत आपल्या डोक्यात कुठून आली, हे पाहायला एका सिनेमाकडे जाऊ.

१९८९ साली 'लीन ऑन मी' हा चित्रपट आला. दिग्दर्शक जॉन एव्हिल्डसन, म्हणजे 'रॉकी'वाले. न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरातलं ईस्टसाइड हायस्कूल आणि तिथले खरेखुरे प्रिन्सिपल जो क्लार्क यांच्यावर तो बेतलेला आहे. भूमिका मॉर्गन फ्रीमन यांची, आणि ती काय वर्णावी! हातात कर्णा, खांद्यावरून जग पाहणारी नजर. चित्रपटातली शाळा भयाण आहे. कॉरिडॉरमध्ये मारामाऱ्या, बिनधास्त चालणारा अमली पदार्थांचा धंदा, मार खाणारे शिक्षक. परीक्षेचा निकाल सुधारला नाही तर राज्य सरकार शाळा ताब्यात घेणार. क्लार्क येतात आणि पहिल्याच सभेत उनाड ठरवलेल्या मुलांना रंगमंचावर उभं करून, सगळ्यांसमोर, एकदम शाळेबाहेर काढतात. पुढे दारांना साखळदंड लावतात, त्यासाठी अटक होते, मुलं त्यांच्या सुटकेसाठी रस्त्यावर येतात, ऐन वेळी निकाल लागतो, पोरं पास. आणि आपण, खरं सांगा, डोळे पुसतो.

खोट्या भीतीवर हा चित्रपट उभा नाही. ज्या आईला आपलं पोर संध्याकाळी धडपणे घरी येईल याची खात्री नाही, तिला सर्वसमावेशकतेवर व्याख्यान नको असतं, दाराशी उभा असलेला माणूस हवा असतो. क्लार्क यांच्यामागे पुष्कळ पालक उभे राहिले ते उगाच नव्हे. पण चित्रपटाची युक्ती बघा. काढलेल्यांपैकी एकच मुलगा, सॅम्स, परत येऊन गयावया करतो. क्लार्क त्याला गच्चीवर नेतात, दम देतात आणि एक संधी देतात. कॅमेरा पुढे त्या एकाच्या मागे जातो. तो सुधारतो, आपल्याला बरं वाटतं. बाकीच्यांचं काय झालं, ते कुठल्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, हे कॅमेरा विचारत नाही. प्रत्यक्षातल्या क्लार्क यांनी काढलेल्या मुलांचा आकडा सुमारे ३०० सांगितला जातो. त्यातला एक आपल्याला दाखवला, की उरलेले आपण विसरावेत अशी ही मांडणी आहे.

आणखी एक गोष्ट. या चित्रपटात शिक्षकांना काय किंमत आहे? मोझार्टची रचना मुलांकडून बसवून घेणाऱ्या संगीतशिक्षिकेला, मान ताठ ठेवून उत्तर दिलं म्हणून नोकरी गमवावी लागते. शाळेचं गीत चालू असताना खाली पडलेला कागद उचलला म्हणून एका शिक्षकाला निलंबित केलं जातं. उपप्राचार्या एका प्रसंगात क्लार्क यांना स्पष्ट सुनावतात, की तुम्ही बरोबरीच्या लोकांचं काम कधी काम म्हणून पाहिलंच नाही. संहितेत हे आहे, म्हणजे लेखकाला दिसलं होतं. पण पुढच्या वळणावर गर्दी, गाणी आणि निकाल येतो आणि तो प्रश्न वाहून जातो. खरा इतिहास एवढा सोयीचा नाही. क्लार्क १९८२ मध्ये प्रिन्सिपल झाले, चित्रपटानं ती वर्षं एका वर्षात कोंबली. १९८८च्या फेब्रुवारीत 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते बेसबॉलची बॅट घेऊन झळकले, रेगन प्रशासनानं पाठ थोपटली. त्याच सुमारास रीतसर सुनावणी न देता विद्यार्थ्यांना काढल्यावरून शिक्षण मंडळाशी त्यांचं बिनसलं होतं. १९८९ मध्ये ते शाळेतून बाहेर पडले. आणि ज्या सरकारी ताब्याची भीती चित्रपटात टळते, तो ताबा १९९१ मध्ये खरोखरच आला. एकट्या शाळेवर नव्हे, पॅटरसनच्या संपूर्ण शाळा-जिल्ह्यावर, आणि जवळजवळ तीन दशकं राहिला. याचं खापर क्लार्क यांच्यावर फोडणं अन्यायाचं होईल. मुद्दा उलट आहे : एका माणसाच्या कर्ण्यानं जे सुटेल असं चित्रपट सांगतो, ते त्या आकाराचं दुखणंच नव्हतं.

आज कोणतंही शिक्षण मंडळ 'आम्हाला बॅटवाला हवा' असं छापणार नाही. आज 'समावेशक' छापतात. पण वाक्याचा सांगाडा तोच राहिला. संकटातली शाळा, बाहेरून येणारा एक तारणहार, आणि त्याच्या गुणांची यादी. बॅट काढून घेतली आणि हातात मेणबत्ती दिली, एवढाच फरक.

याच्या शेजारी दुसरा चित्रपट ठेवू. फ्रेडरिक वाइझमन यांचा माहितीपट 'हायस्कूल', १९६८चा, फिलाडेल्फियाच्या नॉर्थईस्ट हायस्कूलमध्ये चित्रित केलेला. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, भावना उचंबळवायला मागे लावलेलं संगीत नाही. इथे साखळदंडही नाहीत. शिस्तीचे अधिकारी एका मुलाला सांगतात, की तुझं चुकलं नसलं तरी शिक्षा घे, त्यात पुरुषपणा आहे. शेवटी प्राचार्या शिक्षकांच्या सभेत एका माजी विद्यार्थ्याचं पत्र वाचतात. तो व्हिएतनाममध्ये आहे, मोहिमेवर निघालाय, मेलो तर विम्याचे पैसे शाळेला शिष्यवृत्तीसाठी द्या म्हणतो आणि स्वतःला केवळ काम करणारं एक शरीर समजतो. प्राचार्यांना त्यात शाळेचं यश दिसतं. त्या वाईट नाहीत. प्रश्नावलीतल्या 'समर्पित', 'मूल्याधिष्ठित' या खुणा त्यांच्यापुढे सहज पडल्या असत्या. तीच शाळा आज फिलाडेल्फियातली सर्वांत मोठी आहे, तीन हजारांहून अधिक मुलं, डझनावारी भाषा. तिथे आता प्रिन्सिपल शोधायचे तर जाहिरातीत काय लिहाल?

उत्तर शोधायला आम्ही न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेममध्ये जातो, कारण त्या एका वस्तीत दोन वेगळ्या काळांत दोन वेगळी उत्तरं मिळाली.

पहिलं लिओनार्ड कोव्हेलो यांचं. दक्षिण इटलीतून लहानपणी आलेला मुलगा. शाळेत बाईंना नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी 'कोव्हिएल्लो'चं 'कोव्हेलो' करून टाकलं, हे त्यांनी 'द हार्ट इज द टीचर' या १९५८च्या आत्मकथनात सांगितलंय. (आपल्या मुलांची नावं हजेरीत कशी उच्चारली जातात, हा प्रश्न तुमच्या घरी रोज येत असेल. तो नवा नाही.) १९३४ साली पूर्व हार्लेममध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल निघालं, मुलांचं, आणि कोव्हेलो त्याचे पहिले प्रिन्सिपल झाले ते १९५६पर्यंत. बावीस वर्षं! आज अमेरिकेत प्रिन्सिपल एका शाळेत सरासरी चारेक वर्षं टिकतो.

कोव्हेलोंचं वेगळेपण हे, की ते त्या शाळेला वरून येऊन चिकटले नव्हते. शाळा तिथे व्हावी म्हणून वस्तीत जी चळवळ झाली, तिच्यात ते होते. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी तिला चार भिंतींत ठेवलं नाही. आसपासचे रिकामे दुकानगाळे घेऊन तिथे मंडळं भरवली, शाळा सोडलेल्या मुलांसाठीही जागा ठेवली, वस्तीतल्या लोकांच्या समित्या केल्या. इटालियन आई-बाप शाळेला का बिचकतात, यावर त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. पालकांना 'उदासीन' म्हणून हिणवायच्या आधी ते कुठल्या गावातून, कुठल्या रीतीभातींतून आलेत हे त्यांनी शोधलं. १९४५च्या शरदात इटालियन आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये हाणामारी झाली, वृत्तपत्रांनी ती रंगवून छापली. शाळेनं सभा घेतल्या, वस्तीला बोलावलं. फ्रँक सिनात्रा येऊन मुलांशी बोलला. सिनात्रा आल्यानं वैर मिटलं असं आम्ही म्हणत नाही. पण भांडण झाल्यावर बोलावणार कोणाला, याची यादी त्या शाळेकडे दहा वर्षं आधीपासून तयार होती.

दुसरं उत्तर डेबोरा मायर यांचं. त्यांनी १९७४ मध्ये त्याच वस्तीत सेंट्रल पार्क ईस्ट ही प्राथमिक शाळा काढली आणि १९८५ मध्ये माध्यमिक. जेमतेम साडेचारशे मुलं, बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. प्रिन्सिपल हा शब्दच टाळला, 'संचालक' म्हटलं, तेही इतर सहकाऱ्यांसोबत वाटून. प्रत्येक विषयात मुलांनी तेच ते प्रश्न विचारायचे : हे कशावरून? हे कोण सांगतंय? याचा कशाशी संबंध? वेगळं घडलं असतं तर? आणि याचं महत्त्व कोणाला? पदवी मिळवायची तर आपल्या कामाची मांडणी करून एका समितीपुढे ती सिद्ध करायची.

वाइझमन यांनी १९९४ मध्ये याच शाळेवर 'हायस्कूल टू' केला. तीन तास चाळीस मिनिटं. आम्ही पुष्कळांना तो पाहायला सांगितलंय आणि पुष्कळ जण तासाभरानं उठले आहेत, कारण तिथे 'काही घडत नाही'. माणसं बसून बोलतात, बस. नुकतीच आई झालेली एक मुलगी शाळेत परत येतेय. तिचं वेळापत्रक, बाळाची सोय, तिच्या घरच्यांचं म्हणणं यावर मोठी माणसं तिच्यासमोर आणि तिच्याशी बोलतात. दोन मुलांचं भांडण दुसरी मुलं मिटवतात. चित्रण १९९२च्या वसंतातलं. रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस सुटले, मुलं संतापली आहेत, निषेध कसा करायचा यावर चर्चा चालते. कोणी साखळदंड लावत नाही आणि कोणी भाषणही ठोकत नाही.

'लीन ऑन मी'मध्ये ३०० मुलांचा निकाल एका सभेत लागतो, काही मिनिटांत. इथे एका मुलीसाठी तीन-चार प्रौढ आपला वेळ मोडून बसतात. समावेश म्हणजे काय, असं आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही या दोन दृश्यांच्या लांबीकडे बोट दाखवू. हा वेळ मायर यांच्या प्रेमळ स्वभावातून आला नाही. शाळा लहान ठेवली, विषय कमी केले, बहुतेक प्रत्येक प्रौढाकडे सांभाळायला मुलांचा एक छोटा गट दिला, म्हणून वेळ निघाला. त्याची किंमतही दिली : ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी त्या शाळेत नव्हती. जाहिरातीत मात्र सगळंच हवं असतं. वीस प्रकारचे प्रगत अभ्यासक्रम, बारा खेळ, शिवाय प्रत्येक मुलाला ओळखणारा प्रिन्सिपल.

मायर यांची आरती ओवाळायची म्हणून आम्ही हे सांगत नाही. नव्वदच्या दशकात त्या गेल्यावर ती माध्यमिक शाळा तशी राहिली नाही. पुढे १९९७ मध्ये त्यांनी बॉस्टनमध्ये मिशन हिल ही शाळा काढली. तीही नावाजली गेली. पण मायर तिथून निघाल्यानंतरच्या काळात मुलांवरची दादागिरी आणि लैंगिक गैरवर्तन यांच्या तक्रारी तिथे नीट हाताळल्या गेल्या नाहीत असं चौकशीत पुढे आलं, आणि २०२२ मध्ये बॉस्टनच्या शाळा समितीनं ती बंद करायचा निर्णय घेतला. विश्वासावर चालणाऱ्या छोट्या शाळेत जेव्हा प्रौढ एकमेकांवरच विश्वास ठेवत बसतात, तेव्हा मुलानं कोणाकडे जायचं? हे ज्याला विचारता येत नाही, त्यानं 'समावेशक' हा शब्द वापरू नये. शाळा आपली म्हणवणारी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्याची शिक्षा सर्वांत दुबळ्या मुलाला होते.

आता 'नवोन्मेषी' या दुसऱ्या विशेषणाकडे येऊ, कारण तिथे आपणच आहोत. २०१५ मध्ये न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर–प्लेन्सबरो जिल्ह्यात सुपरिंटेंडंटनी पालकांना पत्र लिहिलं : मुलांवर ताण असह्य झालाय. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद केल्या, चौथी-पाचवीतल्या वेगवान गणिताच्या वर्गांना कात्री लावली. त्या जिल्ह्यात बहुसंख्य मुलं आशियाई वंशाची, त्यांत भारतीय पुष्कळ. पालकांमध्ये सरळ फळी पडली. अनेक गोऱ्या पालकांना हा नवोन्मेष वाटला. अनेक आशियाई पालकांना, आमच्या मुलांनी पाया रचल्यावर तुम्ही जिना काढून घेताय, असं वाटलं. दोन्ही बाजूंच्या पालकांपुढे ती प्रश्नावली ठेवा. दोघंही 'नवोन्मेषी'वर खूण करतील, आणि दोघांचा अर्थ एकमेकांच्या उलट असेल. म्हणून आम्ही म्हणतो, ही विशेषणं भांडण सोडवत नाहीत, पुढे ढकलतात. येणारा प्रिन्सिपल त्या भांडणात पहिल्याच वर्षी सापडतो आणि चौथ्या वर्षी जातो. मग नवी प्रश्नावली.

यातला आपला वाटा स्पष्ट बोलू. आपल्या संमेलनांत विविधतेवर टाळ्या पडतात. पण वरच्या गणिताच्या वर्गात बसायच्या अटी सैल करा, अजून काही मुलं आत घ्या, असं कोणी प्रिन्सिपल म्हणाला, की आपल्या व्हॉट्‌सॲप गटांवर 'दर्जा घसरतोय' सुरू होतं. आमच्या मुलाचा समावेश झालाय ना, मग दार लावा. क्लार्क यांच्या साखळदंडाची ही सभ्य आवृत्ती आहे.

महाराष्ट्रात वेगळीच तऱ्हा. खासगी अनुदानित शाळांत १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेनं, पात्रता पाहून मिळतं. अल्पसंख्याक संस्थांना त्यात मोकळीक आहे. तिथे विशेषणांची गरजच नाही, पुरते फक्त यादी. याचे तोटे आपण सगळ्यांनी भोगलेत. पण दोन गोष्टी त्या पद्धतीत आहेत. निवडलेला माणूस त्या घराला ओळखून असतो. आणि 'मुख्याध्यापक' या शब्दात 'अध्यापक' शिल्लक आहे. इंग्रजीतला 'प्रिन्सिपल'ही आधी विशेषणच होता, प्रमुख शिक्षक या अर्थाचा. पुढे शिक्षक गळून पडला, प्रमुख तेवढा राहिला.

मग जाहिरात कशी असावी, असं विचाराल. आम्हाला विशेषणं नकोत, घराची माहिती हवी. गेल्या तीन वर्षांत किती मुलांना निलंबित केलं, आणि ती कोण होती. प्रगत वर्गांत कोण बसतं. किती शिक्षक सोडून गेले. आधीचे प्रिन्सिपल का गेले, हे एका वाक्यात. कोणते निर्णय नव्या माणसाच्या हाती असतील आणि कोणते मंडळ स्वतःकडे ठेवणार. आणि शेवटी, या शाळेतले पालक कोणत्या गोष्टीवरून एकमेकांशी भांडतात. एवढं छापलं तर अर्ज कमी येतील. येतील ते वाचून आलेले असतील.

उमेदवारांची पालकांशी भेट ठेवतात, तेव्हा आपण तासभर प्रश्न विचारतो आणि शेवटची पाच मिनिटं 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हणून देतो. ते प्रमाण उलटं करून पाहा. उमेदवारानं पालकांना तासभर विचारावं. त्यानं पहिलाच प्रश्न केला, की तुमच्या मुलाशेजारी कोण बसलेलं तुम्हाला चालणार नाही, तर सभागृहात काय शांतता पसरेल, ती आम्हाला ऐकायची आहे.

वेळ झालीय. आता तुमचे प्रश्न घेऊ.